दुसरं पुस्तक मागितलं कोणी

सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि खिशातून चौघडी घातलेला कागद काढला, त्यावर पेन्सिलीने वजाबाकी मांडलेली. सर बँकेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आकडा जुळला नाही की त्यांना चैन पडत नाही. म्हणाले, हे बघा, हा जॉन ल कारेच्या कादंबऱ्यांतला हेर जॉर्ज स्माइली १९२८ साली हेरखात्यात लागला, लेखकाने स्वतःच्याच पहिल्यावहिल्या कादंबरीत लिहून ठेवलंय, तेव्हा विशीतला धरला तरी या नव्या पुस्तकात तो शंभरी ओलांडून जातो, आणि तरी जर्मनीत फ्रायबुर्गच्या लायब्ररीत पुस्तकं उघडून बसलेला सापडतो. कसं चालेल हे? आम्ही सगळे गप्प. कारण हिशेब बरोबरच होता.

आमचा पुस्तकांचा ग्रुप म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले आठ-दहा जण. सुरुवात झाली ती कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेटीपासून. पेटीतली मराठी पुस्तकं वाचून झाली की पुढची पेटी येईपर्यंत काय करायचं, म्हणून आम्ही एकमेकांकडची इंग्रजी पुस्तकं फिरवायला लागलो. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि मग भांडण, खरंखुरं, आवाज चढवून. मला ते फार आवडतं. पुस्तकासाठी भांडणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत याचं मला रोज बरं वाटतं.

तर या वेळचं पुस्तक होतं जॉन ल कारेचं ‘अ लेगसी ऑफ स्पाइज’, २०१७ मध्ये आलेलं. हे ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’चा पुढचा भाग म्हणता येईल असं पुस्तक आहे आणि ते पहिलं आलं होतं १९६३ ला. मध्ये चोपन्न वर्षं! चोपन्न वर्षांनी सीक्वेल लिहिणारा माणूस नक्की काय विचार करून लिहायला बसला असेल हाच खरं तर त्या दिवशीचा विषय होता. (आधीच सांगते, पुढे दोन्ही पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत, वाचायची असतील तर इथेच थांबा आणि वाचून या.)

पहिल्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. ॲलेक लीमस हा पश्चिम बर्लिनमधला थकलेला ब्रिटिश हेर. त्याची तिकडची माणसं एकेक करून मारली गेलीयेत. लंडनचे साहेब त्याला शेवटची एक कामगिरी देतात, तू दारुडा हो, कफल्लक हो, जेलमध्ये जा, म्हणजे पलीकडचे, पूर्व जर्मनीवाले, तुला विकत घ्यायला येतील आणि मग तू त्यांच्या मुंड्ट नावाच्या अधिकाऱ्याला खोट्या पुराव्यात अडकव. या सगळ्या नाटकात त्याला एक मुलगी भेटते, लिझ गोल्ड, लायब्ररीत काम करणारी, साधी, मनापासून कम्युनिस्ट. आणि शेवटी कळतं की मुंड्ट तर ब्रिटिशांचाच माणूस होता, लीमसला पाठवलं होतं ते त्याला वाचवायला, आणि त्यासाठी लिझचाही वापर करून घेतला. दोघंही बर्लिनच्या भिंतीपाशी मरतात. आधी तिला गोळी लागते. लीमस पलीकडे उडी मारून सुटू शकला असता, तो परत खाली तिच्याकडे उतरतो.

हे मी पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचलं आणि पुढचे दोन दिवस मला कोणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं. तोपर्यंत हेर म्हणजे माझ्यासाठी एकीकडे बहिर्जी नाईक आणि दुसरीकडे मामाच्या ट्रंकेतल्या बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा, ज्यात नायकाला काही होणार नाही याची पहिल्या पानापासून खात्री असायची. इथे नायकाला त्याच्याच लोकांनी फसवलं होतं. लेखक स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरीला होता, १९६१ च्या ऑगस्टमध्ये भिंत उभी राहिली तेव्हा त्याचं पोस्टिंग जर्मनीत, बॉनच्या वकिलातीत होतं. बघून लिहिलंय ते कळतंच.

आता दुसरं पुस्तक. पीटर गिलम, जो पहिल्या पुस्तकात जेमतेम डोकावून जातो, तो आता म्हातारा झालाय, फ्रान्समध्ये ब्रिटनीत शेतावर राहतोय. एक दिवस त्याच्या जुन्या खात्याचं पत्र येतं, लंडनला या. तिथे गेल्यावर कळतं की लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी दोघांनी मिळून दावा लावायचं ठरवलंय, आमच्या आईबापाला तुम्ही मारलंत म्हणून. आणि खात्यातली नवी, इस्त्रीच्या कपड्यातली वकील मंडळी या म्हाताऱ्याला एका खोलीत बसवून जुन्या फायली वाचायला लावतात. बहुतेक सगळं पुस्तक त्या खोलीत आणि त्या फायलींत घडतं.

भाचीला नेमकं तेच झेपलं नाही. ती सत्तावीसची आहे, आयटीत आहे, मोबाईलवर हेरांच्या सिरीज रात्र रात्र बघते. ती म्हणाली मावशी, अर्धं पुस्तक मेमो आणि रिपोर्ट आहेत गं, अमुकचा तमुकला गोपनीय अहवाल, मला वाटलं आता काहीतरी होईल, आता होईल, आणि पुढच्या पानावर परत नवीन फाईल. आणि अजून एक, लिझला मुलगी कुठून आली? पहिल्या पुस्तकात तर शब्द नाही तिचा. हे सोयीसाठी घुसवलंय.

यावर सुभेदारकाका बोलले, आणि ते सहसा बोलत नाहीत. त्यांनी देवळालीला तोफखान्यात बरीच वर्षं काढलीयेत. ते म्हणाले, पोरी, फायलीच तर खऱ्या असतात. लोकांना वाटतं तोफ म्हणजे धडाम. पण गोळा उडायच्या आधी कितीतरी कागद उडालेला असतो, अंतर, वारा, हवेचं तापमान, दारूगोळ्याचा लॉट, कोणी मागितलं, कोणी मंजूर केलं. गोळा जिथे पडतो तिथे कागद कोणी बघत नाही आणि कागद जिथे असतो तिथे गोळा पडलेला दिसत नाही. या लेखकाने कागद दाखवला, मला तर बरोबर वाटलं.

मला ते वाक्य इतकं लागलं की मी तिथेच मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं.

सरांचा आक्षेप मात्र वयाच्या हिशेबापेक्षा खोल होता आणि तो मी इथे नीट मांडते, कारण मला वाटतं बऱ्याच वाचकांच्या मनात तोच असतो, सांगता येत नाही इतकंच. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या पुस्तकाची सगळी ताकद अंधारात आहे. लीमसला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला माहीत, त्याच्याबरोबर आपणही फसतो. आता चोपन्न वर्षांनी लेखक येऊन मागच्या खोलीतला दिवा लावतो, मुंड्ट कसा फुटला, ट्युलिप नावाची पूर्व जर्मन बाई कोण होती, तिला इंग्लंडला कसं आणलं, तिचा खून कसा झाला आणि त्या खुनाच्या बदल्यात मुंड्टला कसं आपल्या बाजूला वळवलं, हे सगळं उलगडून सांगतो. सर म्हणाले, जी गोष्ट भिंतीवर संपली तिला परत खाली उतरवायची काय गरज होती? दुसरं पुस्तक मागितलं कोणी?

आणि मी म्हणाले, मुलांनी.

मी ते पटकन बोलून गेले, पण नंतर घरी येऊन रात्रभर त्याच्यावर विचार करत राहिले, आणि आता हे लिहितेय ते त्यासाठीच.

काकूंना (वरच्या मजल्यावरच्या, संस्कृत शिकवायच्या) मुलं अजिबात आवडली नव्हती. लीमसचा तो मुलगा पैशांची भाषा करतो, पीटरच्या मागावर राहतो, काकू म्हणाल्या पैसे मागितले तिथेच माझं मन उतरलं, मेलेल्या आईबापाची किंमत लावायची का? मला हे पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. ऑफिसला माणूस दुसरं काय मागू शकतो सांगा. माझी आई का मेली असं पत्र लिहिलं तर त्यावर जावक क्रमांक पडेल आणि ते कपाटात जाईल. नुकसानभरपाईचा दावा लावला की मात्र वकील नेमावा लागतो, तारीख पडते, जुनी फाईल शोधावी लागते, ब्रिटनीतल्या म्हाताऱ्याला बोलावणं जातं. त्या मुलांना उत्तर पाहिजे होतं आणि उत्तर काढायला लावणारं एवढं एकच हत्यार त्यांच्या हातात होतं.

आता इथून पुढे पुस्तकाचं कमी आणि माझं जास्त आहे.

नाशिकला लोक द्राक्षं, मिसळ आणि कुंभमेळ्यासाठी ओळखतात, पण हे गाव खूप आधीपासून गुपितं सांभाळून पोट भरणाऱ्यांचंही आहे. नाशिकरोडला १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आली, त्याआधी आपल्या देशाची तिकिटंसुद्धा लंडनहून छापून यायची. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. तोफखाना आला. १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ आपल्या वायुदलात आलं १९६३ ला, म्हणजे लीमसच्या पुस्तकाच्याच वर्षी, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये ते निवृत्त झालं तेव्हा आमच्या ओळखीतले कितीतरी काका लोक टीव्हीसमोर डोळे पुसत होते. बायकोला चाळीस वर्षांत हातात नक्की काय काम होतं ते कधी सांगितलं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्याच एका कर्मचाऱ्याला आयएसआयला माहिती दिल्याच्या संशयावरून एटीएसने पकडलं तेव्हा पुण्या-मुंबईचे नातेवाईक मेसेज करत होते, तुमच्याकडे तर सिनेमाच चाललाय. मला सिनेमा नाही वाटला. मला त्या माणसाच्या घरचे आठवत राहिले, ज्यांना मी ओळखतही नाही.

माझे अण्णा अशाच एका ठिकाणी होते. कुठल्या ते लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. आम्ही उपनगरला राहायचो. सकाळी सायकल, डबा, गेटवर झडती, संध्याकाळी परत. शाळेत वडील काय करतात विचारलं की आम्ही सगळी त्या भागातली मुलं एकच सांगायचो, सर्व्हिसला आहेत.

अण्णांचे एक मित्र होते, त्यांना मी काका म्हणायचे. दोघं एकत्र सायकलवर जायचे. काकांची मुलगी माझ्या वर्गात, माझी एकदम जिवाची मैत्रीण, आम्ही एका बाकावर बसायचो, दिवाळीला एकाच ताग्यातलं कापड घेऊन फ्रॉक शिवलेले. १९८७ मध्ये, मी आठवीत, ऑफिसात काहीतरी झालं. इन्क्वायरी लागली. अण्णांना बरेच दिवस वेगळं बोलावत होते, घरी आले की ते हातपाय धुऊन सरळ गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मग काका सस्पेंड झाले असं कानावर आलं. मग एका रविवारी त्यांच्या दारासमोर टेम्पो उभा होता आणि ते सगळे धुळ्याला निघून गेले. मी आईला विचारलं, आईने अण्णांकडे बघितलं, अण्णा म्हणाले, अभ्यास कर. एवढंच. त्यानंतर एकोणतीस वर्षं ते जगले आणि त्या विषयावर एक अक्षर नाही.

२०१६ मध्ये अण्णा गेले. रामकुंडावर दहावा झाला, त्या संध्याकाळी ती घरी आली. मी तिला ओळखलंच नाही आधी, केस पांढरे झालेले, मग हसली तेव्हा ओळखलं. चहा घेतला. आईशी बोलली. निघताना दारात चप्पल घालताना तिने हळूच विचारलं, शेवटी शेवटी काही बोलले होते का गं अण्णा, आमच्या बाबांबद्दल? मी म्हणाले, नाही. ती बरं म्हणाली आणि गेली.

तेव्हा मला वाटलं होतं की तिने आज नको होतं विचारायला. काकूंना लीमसच्या मुलाबद्दल वाटलं ना, अगदी तसंच. मग २०१८ ला हे पुस्तक हातात आलं, आणि पहिल्या वाचनात मी संपूर्ण पीटर गिलमच्या बाजूची होते. बिचारा म्हातारा, त्याने फक्त सांगितलेलं काम केलं, त्याचं स्वतःचं त्या ट्युलिपवर प्रेम होतं, त्यानेही गमावलं, आणि ही कालची पोरं त्याला खोलीत बसवून उलटतपासणी घेतायत. आता ग्रुपसाठी परत वाचलं तेव्हा दुसरंच दिसायला लागलं. पीटर खोटं बोलतो. वकिलांशी बोलतो ते तर बोलतोच, पण तेव्हा, लीमस जिवंत असताना, त्याच्या तोंडावरही बोलला होता, आणि त्या खोट्याला त्याच्याकडे इतकी चांगली, इतकी सभ्य कारणं आहेत की वाचताना आपणही मान डोलवतो. फसवणारी माणसं दुष्ट असती तर सोपं झालं असतं. ती प्रेमळ आहेत, हुशार आहेत, एकमेकांना जपणारी आहेत, आणि त्यातल्या कोणीही लिझला सांगितलं नाही की तू कशात अडकतेयस.

म्हणून मला सरांचं म्हणणं समजतं तरी मान्य नाही. दिवा लावल्याने पहिल्या पुस्तकाचा अंधार कमी नाही होत. पहिल्या पुस्तकात आपण अंधारात ठेवलेल्या माणसाबरोबर होतो, दुसऱ्यात ठेवणाऱ्यांबरोबर बसतो, आणि ते जास्त अवघड आहे कारण तिथे हिटर चालू आहे, कॉफी आहे, सगळे नावाने हाक मारतायत. आणि लिझच्या मुलीचं, जिच्याबद्दल पहिल्या पुस्तकात शब्द नाही, ते भाचीला घुसवलेलं वाटलं, मला तर तेच सगळ्यात खरं वाटलं. नसतोच शब्द. अण्णांच्या ऑफिसच्या त्या फाईलीत, असेल तर कुठेतरी, काकांचं नाव असेल, अण्णांची जबानी असेल, तारखा असतील. आठवीतल्या दोन मुलींचा त्यात शब्द नसणार.

स्माइली शेवटी काय उत्तर देतो यावर ग्रुपमध्ये परत जुंपली. स्माइली म्हणजे पीटरचा जुना साहेब, पीटर त्याला शोधून काढतो आणि विचारतो की हे सगळं आपण कशासाठी केलं. तो म्हणतो युरोपसाठी, युरोपला अंधारातून बाहेर काढायचं एक स्वप्न होतं. पुस्तक आलं २०१७ ला, त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायला मत दिलं होतं आणि ल कारेला ते अजिबात सहन झालं नव्हतं, डिसेंबर २०२० मध्ये जाण्याआधी तर त्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. सुभेदारकाका म्हणाले, उत्तर चांगलं आहे. काकू म्हणाल्या, उत्तर फार मोठं आहे, लिझ त्यात मावत नाही. मला काकूंचं पटलं, आणि मुलांवरून त्या मला अजिबात पटल्या नव्हत्या तरी ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. सर कागदाची घडी घालून परत खिशात ठेवत होते.

मीटिंगनंतर चार दिवसांनी मी ते पुस्तक कुरियरने धुळ्याला पाठवलं. सोबत चिठ्ठी वगैरे नाही. काय लिहिणार होते? नुसतं पुस्तक.

दोन महिने काही नाही. मला वाटलं चुकलंच आपलं. मग मागच्या गुरुवारी रात्री फोन आला. तिने पहिलं पुस्तक वाचलेलंच नाही, हेच डायरेक्ट वाचलं, त्यामुळे लीमस तिला कुठल्या महान कादंबरीचा नायक म्हणून माहीतच नव्हता, तिच्यासाठी तो फक्त कोणाचा तरी गेलेला बाप. हे मला सुचलंही नव्हतं, की कोणी असंही वाचू शकतं. ती म्हणाली, ती मुलगी फार कमी आहे गं यात, तिला बोलूच दिलं नाही त्यांनी. मी हो म्हणाले. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, पलीकडे तिच्या घरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, पण त्या पीटरला शेवटी तो म्हातारा भेटतो तरी.

मी तिला सांगितलं की १९८७ मध्ये अण्णांना इन्क्वायरीला वेगळं बोलावत होते. तिला ते माहीत नव्हतं. किती दिवस, तिने विचारलं. मी म्हणाले नक्की नाही आठवत, पण दोन आठवडे तरी, आणि घरी आले की गॅलरीत उभे राहायचे. ती म्हणाली, आमचे बाबा पण गॅलरीत.

मग म्हणाली, आता ते पहिलं पाठव.

पहिलं सरांकडे आहे, त्यांची स्वतःची जुनी प्रत, कव्हर घातलेली, आणि ते ती कोणाला देत नाहीत. रविवारी जाऊन मागते.